पाद्रीबंगल्याचं धुराडं

माझं शुद्धलेखन चुकणार हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर मुंग्या सांडल्यासारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे वीस-बावीस वर्षं डाळमिलमध्ये डाळ निवडून उजव्या हाताचा अंगठा वाकडा झाला, त्यामुळे लिहायला घेतलं की ओळ आपोआप वर चढते. कधी हे कोणाच्या हाती पडलंच तर त्याने समजून घ्यावं. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा लिहिते. तोंडाने सांगायला गेलं की माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून असंच आहे. लिहिताना निदान कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही.

धुळ्याला नदीच्या पलीकडे देवपुरात एक पाद्रीबंगला होता. आता नाही. माझे वडील, आबा, त्या बंगल्याचे राखणदार होते आणि बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी, आबा आणि माय. बंगला फार जुना, इंग्रजांच्या काळातला. ज्या पाद्रीसाहेबाने तो बांधला त्याचा बाप विलायतेत एका खेड्यात पाद्री होता, आणि तिथे देवळाशेजारी पाद्रीला राहायला गावाकडून घर मिळतं, तशा घरात हा साहेब लहानाचा मोठा झाला होता. इथे आल्यावर त्याने ते घर आठवून आठवून जसंच्या तसं बांधून घेतलं. म्हणजे घर थंडीच्या मुलखाचं आणि उभं राहिलं धुळ्याच्या उन्हात.

आपल्याकडे घर बांधताना माणूस आधी सावली बघतो. ओटा, ओसरी, जाड भिंती, लहान खिडक्या. त्या बंगल्याला ओसरीच नव्हती. पुढच्या दारावर टोपीएवढं छप्पर, बस. खिडक्या मोठमोठ्या, सगळ्या काचेच्या, आणि त्यातली सगळ्यांत मोठी पश्चिमेला, भिंतीतून पोटासारखी बाहेर आलेली. तिच्यात बसायला लाकडी बाक होतं. साहेबाच्या मुलखात तिथे बसून ऊन अंगावर घेत असतील. आमच्याकडे चैत्र लागला की दुपारनंतर त्या बाकावर हात ठेवला तर चटका बसायचा. माय तिथे काचेच्या आत कापड पसरून बिबडे वाळवायची. ज्वारीचे ते पापड एका दुपारीत असे कडक व्हायचे की आबा म्हणायचे, साहेबाने ही खिडकी तुझ्यासाठीच बांधली.

त्या खिडक्या दारासारख्या उघडत नसत, वर सरकवाव्या लागत. चौकटीच्या पोटात दोरीला लोखंडी वजनं टांगलेली होती. दोरी कुजली की खिडकी धाडकन खाली यायची, मग आबा बाजारातून सुताची दोरी आणून तासन् तास ती चौकट खोलून बसायचे. जिने दोन होते. पुढचा रुंद, सागाचा, साहेबलोकांचा. मागचा अरुंद, स्वयंपाकघरातून वर जाणारा, नोकरांचा. बंगला रिकामा होता तरी मायने जन्मात पुढच्या जिन्यावर पाय ठेवला नाही. खाली कोळसा ठेवायला तळघर होतं, तिथे आम्ही पाण्याचे माठ ठेवायचो, त्यांचं पाणी उन्हाळ्यात दात शिवशिवतील इतकं गार. आणि प्रत्येक खोलीत एक दोरी लोंबायची. ती ओढली की भिंतीच्या आतल्या तारेने खाली स्वयंपाकघरातली घंटी वाजायची. साहेब जाऊन जमाना झाला होता, पण उंदीर तारेवरून पळाले की घंटी वाजायचीच. भरदुपारी किणकिण झाली की माय भाकरी थापता थापता आबांना म्हणायची, "जा, पाद्रीसाहेब बलाई ऱ्हायनात!" मी घाबरून तिच्या पाठीला चिकटायची आणि ती दोघं हसायची. पुढे त्या घरात हसणं कमी झालं म्हणून असेल, ते हसू मला अजून ऐकू येतं.

आता धुराड्याचं सांगते. बंगल्याच्या चार खोल्यांत भिंतीत चुली होत्या. स्वयंपाकाच्या नव्हेत, शेक घ्यायच्या. दगडी चौकट, आत काळं तोंड आणि वर भिंतीतून थेट छपरावर गेलेलं विटांचं उंच धुराडं. छप्पर इतकं उभं होतं की कौलं साफ करायला चढणारा माणूस पोटाला दोर बांधूनच चढायचा. ते असं का, हे आबांना कधी कळलं नव्हतं. पावसाळ्यात धुराड्यातून पाणी गळून खालची फरशी खराब व्हायची म्हणून त्यांनी वरच्या तोंडात गवत भरलेलं पोतं कोंबून ठेवलं होतं. ती चूल पेटलेली आबांनी पाहिली नव्हती, त्यांच्या आधीच्या राखणदारानेही पाहिली नव्हती.

बंगला एका संस्थेचा होता. चर्चच्या मंडळींची समिती तो सांभाळायची आणि तिचे सेक्रेटरी होते मास्तर. देवपुरातल्या शाळेत शिकवायचे, सायकलवरून यायचे, सडपातळ, नेहमी घाईत. मनाने वाईट नव्हते. आम्ही बौद्ध, मंडळीतले नव्हे, त्यामुळे बंगल्याच्या किल्ल्या आमच्याकडे कशाला, असं दोघं-चौघं बोलायचे. मास्तर तेव्हा म्हणायचे, "नथ्थूभाऊ घर जिवासारखं जपतो, मग झालं तर." आबांना हे कोणीतरी येऊन सांगायचं आणि त्या दिवशी आबा खिडक्यांच्या काचा पुन्हा पुसायचे.

मी चौथीत होते तेव्हा थंडीच्या दिवसांत मास्तर सायकल भिंतीला न टेकवताच आत आले. "नथ्थूभाऊ, विलायतेहून बाई येताहेत. साहेबांची नात. दोन दिवस इथेच राहणार. तिच्या आईचं बालपण या घरात गेलंय. तिची एकच इच्छा आहे, आईने सांगितलेल्या त्या चुलीपुढे बसायचं. पेटवून ठेवा."

आबा म्हणाले, "मास्तर, ती कधी पेटवलीच नाही."

"मग आता पेटवा. चूलच आहे ना?"

समितीचं म्हणणं असं होतं की बाई खूश झाली तर घराच्या दुरुस्तीला तिकडून मदत येईल. हे मास्तर जाता जाता बोलले. आबांनी दुसऱ्या दिवशी पोटाला दोर बांधून धुराड्याचं पोतं काढलं, आत वाकून पाहिलं, बांबूने ढोसलं. थोडी काटकी आणि कबुतरांची घाण खाली पडली. झालं साफ, असं त्यांना वाटलं.

बाई आली ती साठीच्या पुढची, उंच, पांढऱ्या केसांची, पायात जाड बूट. तिने दारातच बूट काढले, त्यामुळे मायला ती लगेच आवडली. घरभर फिरली. खिडक्यांना हात लावला, दोऱ्या ओढून पाहिल्या, मागच्या अरुंद जिन्याने वर गेली आणि पुढच्याने खाली आली. तिने तिच्या पिशवीतून एक फोटो काढून आबांना दिला. विलायतेतलं ते मूळचं घर. मी आबांच्या काखेतून पाहिलं. तेच पोटवालं खिडकीघर, तेच टोपीएवढं छप्पर, फक्त भिंतीवर हिरवी वेल चढलेली आणि छपरावर, आवारात, झाडांवर सगळीकडे पांढरं बर्फ. मास्तरांनी मराठीतून सांगितलं की छप्पर उभं असतं ते बर्फ खाली घसरावं म्हणून, आणि ते घरही आता पाद्रीचं राहिलं नाही, विकलं गेलं. आबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आठे ये व," ते मायला हाक मारून म्हणाले, "हाई दख. हाई ते आपलंच घर शे!"

फोटोतल्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. सरळ वर जाणारी एक बारीक रेघ. आबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. इतकी वर्षं ज्या घराची राखण केली ते घर नेमकं कशासाठी असं आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं असावं. मला आता असं वाटतं. तेव्हा मला फक्त बाईच्या निळ्या डोळ्यांची भीती वाटत होती.

संध्याकाळी चूल पेटवायची ठरली. वखारीतून बाभळीचे ओंडके आणायला हवे होते, पण आमच्या घरामागे पऱ्हाटीचे भारे रचलेले होते. कपाशी वेचून झाली की शेतात उरलेल्या काड्या, त्याच आम्ही वर्षभर जाळायचो. माय म्हणाली, "जाळ दखाडना शे ना बाईले? मंग पऱ्हाटीनागत जाळ कोनताच लाकूडना नही." खरंच होतं ते. खानदेशात भरताची वांगी भाजायची तर पऱ्हाटीवरच. भडकते, ढणढण जळते आणि वांगं आतपर्यंत शिजतं. तेवढ्यावर माय थांबली नाही. इतका मोठा जाळ होणार आणि त्यात काहीच भाजायचं नाही हे तिला पाप वाटलं. "इतला इस्तो वाया घालाना का?" असं म्हणून तिने पदराखालून मोठाली हिरवी वांगी नेली आणि त्या दगडी चौकटीत पऱ्हाटीवर मांडली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र टाळ्या वाजवून हसली आणि खुर्ची ओढून अगदी पुढे बसली.

आबांनी काडी लावली. आधी धूर थोडा खोलीत आला, मग एकदम वर ओढला गेला. आबा मागच्या दाराने बाहेर पळाले. मीही पळाले. अजून पूर्ण अंधार झाला नव्हता, आकाश जांभळं होतं. धुराड्यातून आधी काही दिसेना, मग निळसर धूर वर आला, फोटोतल्यासारखा सरळ. आबांनी दोन्ही हात वर केले. "निंघना! धूर निंघना!" ते ओरडले. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "मास्तर, बाहेर या! बाईंना बाहेर आणा!"

मास्तर बाईला घेऊन बाहेर आले. सगळे मान वर करून बघत उभे होतो. माय आत वांगी फिरवत होती आणि जाळ बसायला लागला की वर नवी पऱ्हाटी घालत होती. मग धुराड्याच्या आतून आवाज सुरू झाला. लांबून मालट्रक घाटात चढत यावा तसा घरघर आवाज. धूर काळा झाला. ठिणग्या उडाल्या आणि त्यांच्यामागून धुराड्याच्या तोंडातून जाळ बाहेर आला, माणसाएवढा. आत खोल कुठेतरी विटांचा टप्पा होता, तिथे बांबू पोचला नव्हता. पिढ्यान्पिढ्यांची घरटी, काड्या, पिसं, काजळी, सगळं तिथे साठलेलं होतं. ओंडक्याचा जाळ असता तर तो कदाचित तिथवर गेला नसता. पऱ्हाटीचा गेला. धुराड्याच्या विटा मध्येच फुटलेल्या होत्या, त्या फटीतून आग माळ्यात शिरली आणि माळ्यावरचे सागाचे वासे कोरडे ठणठणीत होते.

देवपुरातली माणसं धावून आली. घागरी, बादल्या, विहिरीपासून बंगल्यापर्यंत रांग लागली. बंगल्याच्या किल्ल्या आमच्याकडे कशाला म्हणणारेही त्या रांगेत होते, हेही सांगायला हवं. कोणाला इजा झाली नाही. पण पश्चिमेकडचं अर्धं छप्पर आत कोसळलं. कौलं तडातड फुटत होती, तो आवाज मी डाळमिलमध्ये यंत्र सुरू झालं की कितीदा ऐकला असेल. बाई आमच्या ओट्यावर मायचा हात धरून बसली होती. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी रडत होत्या. सकाळी ती गेली. जाताना फोटो आबांना देऊ लागली, आबांनी घेतला नाही.

चार दिवसांनी समिती बसली, बंगल्याच्याच पुढच्या खोलीत. आबा दारात उभे, मी आणि माय बाहेर भिंतीला कान लावून. मदत येणार होती ती आता कसली येते, असं कोणीतरी म्हणालं. चूल पेटवायला सांगितली कोणी, असंही एकाने विचारलं. मी मास्तरांच्या आवाजाची वाट बघत होते. आवाज आला तो आबांचा. "मी पेटवली." झालं. नोकरी आणि खोल्या राहतील, पण छपराचा खर्च नथ्थूने पगारातून फेडावा, असं ठरलं. मास्तर खाली मान घालून लिहीत होते म्हणे. त्यांना चार पोरी होत्या आणि शाळाही त्याच संस्थेची होती. हे मला आता आठवतं, तेव्हा मी त्यांच्या सायकलची हवा सोडावी असं मनात आणत होते. तेवढंही धैर्य झालं नाही.

त्या दिवशी मायने चूल पेटवली नाही. "मास्तरनीच सांगेल व्हतं ना पेटाडाले? मंग तुम्ही कसाले गप बसनात?"

"त्यानी सांगं. पन काडी कोनी लाई? मीच लाई ना."

"आन् पऱ्हाटी मी घाली. मंग माले बी उभी करा त्यास्ना पुढे!"

आबा उठून बाहेर गेले आणि फुटलेल्या कौलांतली चांगली कौलं वेगळी करत बसले.

तिथून पुढचं सांगायला मला कंटाळा येतो, कारण ते सगळं एकसारखंच आहे. दर महिन्याला पगार अर्धा यायचा. चौथीची परीक्षा झाल्यावर माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. मी देवपुरात घरोघरी भांडी घासायला जाऊ लागले. माय बिबडे विकायची. पण जळलेल्या भागावर नवं उभं छप्पर घालायला सुतार तयार होईनात, तसं काम कोणाला येत नव्हतं. शेवटी पत्रे टाकले, सपाट. अर्धं घर विलायतेचं आणि अर्धं एस.टी.च्या शेडसारखं. येणारे-जाणारे बघून हसायचे. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की आम्हाला मागच्या खोल्यांत बोललेलं ऐकू येत नसे. आम्ही तसेही कमी बोलायचो. भरीत मायने पुन्हा केलं नाही. वांगी बाजारातून यायची, पण त्यांची रस्सा-भाजीच व्हायची.

माझं लग्न होऊन मी असोद्याला आले. नवरा केळीच्या मळ्यात मजुरीला जायचा, मी रोज बसने जळगावला डाळमिलमध्ये. मी तिकडे असतानाच समितीने बंगल्याची जागा विकली. तिथे सोसायटीच्या इमारती होणार होत्या. आबांना आणि मायला नदीकाठी भाड्याची खोली घ्यावी लागली. घर पाडायला लागले तेव्हा मी माहेरी आले होते. आबा रोज सकाळी तिथे जाऊन रस्त्याच्या पलीकडे उकिडवे बसायचे. खिडक्या काढताना चौकटीतून वजनं धपाधप पडली. सागाचा जिना एका सावकाराने उचलून नेला. भिंती पडल्या, विटा गाडीगाडीने गेल्या, आणि मधोमध ते उंच धुराडं एकटंच उभं राहिलं, आठवडाभर तरी. त्याच्या पोटातल्या वरच्या-खालच्या चुलींची काळी तोंडं उघडी पडली होती. मग एक दिवस तेही दोर लावून ओढलं. आबा घरी आले, हातपाय धुतले आणि भाकरी मागितली.

समितीने आबांना बोलावून सांगितलं की उरलेलं सगळं माफ. मायला वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. माझा मोठा पाचवीत जाणार होता, मिलमधून दिवाळीला जो बोनस मिळायचा तो मी माहेरी देत होते, तो आता त्याच्या शाळेला लावता येईल असं मी मनात योजून ठेवलं होतं. आबा ऐकेनात.

"माफ करेल पैसा उपकार ऱ्हास," ते म्हणाले. "मी मरसू तरी लोक म्हनतीन, त्यानी घर जाळं आन् मंडळीस्नी सोडी दिधं. फेडेल पैसा मिटी जास."

"कोठे शे ते घर?" माय म्हणाली. "कोनतं छप्पर फेडी ऱ्हायनात तुम्ही?"

आबा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर रखवालीला जाऊ लागले, त्या वयात. पैसे बाजूला पडत राहिले. मी बोनस देत राहिले. मनात राग होता, पण नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. पोराला त्या वर्षी जुनीच पुस्तकं घेतली. तो काही बोलला नाही, आमच्या घरची सवयच ती.

शेवटचे पैसे जमले तेव्हा आबांना एकट्याने चालवत नव्हतं. मी असोद्याहून आले. निघताना माय म्हणाली, "द्या जा एकदाना. तुमना जीव त्यामाच अटकेल शे." मास्तर निवृत्त झाले होते, पण हिशोब त्यांच्याकडेच होता. देवपुरातच एका माडीवर राहायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, आमचे आवाज ऐकून ओळखलं. आबांनी धोतराच्या कनवटीतून पुडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय नथ्थूभाऊ? समितीने सोडून दिलंय. ते छप्परच कुठे राहिलं आता?"

"छप्पर गेलं मास्तर. देणं कुठे गेलं?"

मास्तरांनी पुडक्याला हात लावला नाही. त्यांची बायको चहा ठेवून आत गेली. खाली रस्त्यावर भांड्यांना कल्हई करणारा ओरडत होता, त्याची हाक हळूहळू लांब गेली. मग मास्तर म्हणाले, "नथ्थूभाऊ, त्या दिवशी समितीत मी..."

"मोजा मास्तर," आबा म्हणाले.

"माझं ऐकून तर घ्या."

"आधी मोजा."

मास्तरांना नोटा दिसत नव्हत्या. एकेक नोट डोळ्यांपाशी नेऊन, बोटांनी चाचपून ते मोजायला लागले. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. मी मदतीला हात पुढे केला तर आबांनी माझा हात धरून मागे घेतला. चहा गार झाला. शेवटची नोट खाली ठेवून मास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "पूर्ण आहेत. आता काही बाकी नाही."

"काही नाही ना?" आबांनी विचारलं.

"काही नाही."

आबा उठले. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला.